भांगेचे झाड रात्र मोजते

एखादे झाड रात्र मोजते असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण पॅरिसमधील झ्युलियाँ तूर्न्वा या तरुण शास्त्रज्ञाला नेमके हेच आढळले. हिवाळ्यात काचगृहात पेरलेली भांगेची रोपे लहान असतानाच फुलली! १९१२ साली त्याने हे प्रसिद्ध केले. पुढे १९१४ साली त्याने म्हटले, की दिवस लहान होण्यापेक्षा रात्र लांबणे महत्त्वाचे. त्याच वर्षी तो महायुद्धात मारला गेला. या शोधाचे श्रेय पुष्कळदा १९२० सालच्या गार्नर व अलार्ड या अमेरिकन जोडीलाच दिले जाते.

भांग ही लघुदिन वनस्पती आहे. रात्र पुरेशी लांबली की पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य आणि झाडाचे आंतरिक घड्याळ मिळून फुलण्याचा इशारा देतात. मुंबईत सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांचाच असतो. आता फिनलंडचा विचार करा. तेथे कुओपिओसारख्या ठिकाणी जूनमधला दिवस सुमारे वीस तासांचा! झाड लांब रात्रीची वाट पाहत बसते. ती येते तेव्हा थंडी दाराशी असते आणि बी पिकतच नाही. ज्याला बियांचे तेल हवे, त्या शेतकऱ्याने काय करावे?

मार्ग रानटी भांगेने दाखवला. १९२४ साली यानिशेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने 'रुडेरॅलिस' या रानटी भांगेचे वर्णन केले. रात्रीची पर्वा न करता, वय झाले की फुलणारी झाडे तिच्यात सापडतात. हा गुण बहुधा एका अप्रभावी जनुकामुळे येतो. म्हणून नेहमीच्या भांगेशी संकर केला, तर पहिल्या पिढीत तो दिसतच नाही. तुम्हाला वाटेल, प्रयोग फसला. पण याच पिढीतील नर व मादी झाडांचा पुन्हा संकर करा (भांगेत नर-मादी झाडे वेगळी असतात). आता सरासरी चारांतले एक झाड लांब दिवसातही फुलते. मेंडेलचा वाटाणाच जणू! शिवाय गुण अप्रभावी असल्याने अशा दोन झाडांची संततीही तशीच निघते. मात्र परागकण वाऱ्यावर दूर जातात, म्हणून शेजारी दुसरी भांग असून चालत नाही.

फिनलंडमध्ये १९९५ पासून रशियातील वाव्हिलोव्ह संस्थेच्या लवकर फुलणाऱ्या बियाणांतून 'फिनोला' ही जात घडली. पेरणीनंतर साधारण महिनाभरात ती फुलू लागते. पण झाड ठेंगणेच राहते. तंतूंसाठी भांग लावणाऱ्याला मात्र उशीरच फायद्याचा. तो दक्षिणेकडील जात उत्तरेत नेऊन मुद्दाम उंच वाढू देतो.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय भांगेची लागवड हा गुन्हा आहे. तुमच्या प्रयोगासाठी शेवंती घ्या; तीही लघुदिनच. सप्टेंबरपासून एक कुंडी रात्रभर दिव्याखाली आणि दुसरी अंधारात ठेवा, आणि कोणती आधी कळ्या धरते त्याची तारीख वहीत नोंदवा.