दारे-खिडक्या, पत्रे आणि बाहेरच्या भिंती : रंगकाम कधी व कसे करावे?

सोसायटीची वसुली वजा जाता उसाच्या बिलातून जे काही हाती उरते, त्यावर घरातल्या मंडळींचे दोन हक्क ठरलेले असतात. एक लग्नकार्याचा आणि दुसरा घराच्या रंगाचा. कार्य असेल तर रंग ओघानेच आला. मग मेच्या शेवटच्या आठवड्यात रंगारी आणायचा, तो म्हणणार, "मालक, दोन हातांत चकचकीत करून देतो बघा," आणि मांडवाच्या दिवशी घर खरोखरच चकचकीत दिसते. गौरी-गणपतीला पाहावे तर दाराच्या खालच्या वीतभर भागाचे पोपडे निघालेले आणि पावसाच्या बाजूची भिंत काळी पडलेली! दोष मग रंगाच्या डब्याला लावला जातो. आमचे म्हणणे असे की, बहुतेक वेळा डबा निर्दोष असतो. रंग वरच्या पावसाने क्वचित जातो. तो जातो मागून आलेल्या ओलीने.

लाकडाचेच पाहा. उसाची कांडी सालीच्या बाजूने पाणी पीत नाही, पण कापलेल्या तोंडातून रस लगेच गळतो. लाकडाचेही तसेच आहे. फळीच्या अंगातून जेवढे पाणी शिरते त्याच्या कितीतरी पट तिच्या कापलेल्या टोकातून शिरते. दाराची खालची कड, चौकटीचा उंबऱ्यालगतचा पाय, सोप्याच्या खांबाचे दगडावर टेकलेले बूड ही सगळी कापलेली तोंडे, आणि नेमकी हीच रंगाविना राहतात. रंगारी दार बिजागरीवरून काढत नाही, कारण त्याला कोणी सांगत नाही. पागोळ्यांचे पाणी उडते, लाकूड फुगते, उन्हात पुन्हा आवळते आणि वरचा रंग तडकतो. म्हणून दार उतरवून खालच्या कडेला आधी तेल किंवा प्रायमरचे दोन हात पाजावेत, मग तोंडाकडे वळावे. हे अर्ध्या तासाचे काम आहे. भेगा व खिळ्यांची भोके लांबीने भरायची तीसुद्धा प्रायमरचा पहिला हात वाळल्यावर. कोरड्या लाकडात भरलेल्या लांबीतले तेल लाकूड शोषून घेते आणि लांबी गळून पडते.

सागवानी दाराचा रंग झाकू नये असे पुष्कळांना वाटते, आणि ते बरोबरही आहे. पण पश्चिमेच्या उन्हात असलेल्या दाराला नुसते पारदर्शक व्हार्निश टिकत नाही. ऊन त्यातून आरपार जाऊन खालच्या लाकडाचा वरचा थर मारते आणि व्हार्निश पापडासारखे सुटते. थोडी रंगाची पूड असलेला, लाकडाची रेघ दिसू देणारा रंग अशा ठिकाणी जास्त टिकतो, कारण पूड ऊन अडवते. नाहीतर आपले जुने बेलतेल, म्हणजे रंगाच्या दुकानातले उकळलेले जवसाचे तेल, बरे. घाण्याचे खायचे कच्चे तेल आणू नये, ते दिवसेंदिवस वाळत नाही. बेलतेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून पातळ हात द्यावा व पंधरा-वीस मिनिटांनी वरचे तेल फडक्याने पुसून घ्यावे. न पुसले तर चिकट राहते आणि ट्रॉल्यांची धूळ त्यावर कायमची बसते. हे तेल दर वर्षी द्यावे लागते, पण खरवडण्याची कटकट नाही.

त्या फडक्यांबद्दल मात्र आवर्जून लिहितो. जवसाचे तेल उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि तसे होताना उष्णता निघते. फडके पसरलेले असेल तर ती हवेत जाते. बोळे करून कोपऱ्यात टाकले तर आत कोंडते, वाढते आणि काडी न लावता बोळा पेटतो. काम संपल्यावर रंगाऱ्याने फडकी गोठ्यालगत फेकली आणि शेजारी पाचट किंवा कडब्याची गंज असली, तर पुढचे सांगायला नको. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवावीत किंवा मोकळ्यावर एकेक पसरून वाळवावीत.

आता जुन्या रंगाविषयी. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगात शिसे असू शकते असे धरून चालावे. असा रंग कोरडा घासला की धूळ उडते, ती अंगणात बसते आणि रांगणाऱ्या पोराच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसे बाधते, गरोदर बाईलाही ते घातक. म्हणून पाणी मारून ओलाच खरवडावा, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, नाका-तोंडाला मास्क असावा व पोरे त्या दिवशी आजोळी पाठवावीत. निघालेले पोपडे उकिरड्यावर टाकू नयेत. जनावरे ते चाटतात आणि शिशाने गाई-वासरे दगावतात. रंगाचा रिकामा डबा धुऊन त्यात आंबोण कालवण्याची चाल तर बंदच करावी. तशीच जुनी रंगवलेली चौकट फोडून बंबात जाळू नये. शिसे धुरात येते, राखेतही उरते, आणि त्या राखेने आपण भांडी घासतो.

लोखंडाचे थोडक्यात सांगायचे तर गंज तारेच्या ब्रशने काढावा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा, रात्रभर उघडे ठेवू नये. नव्या जस्ती पत्र्यावर थेट तेलरंग मारू नये. जस्ताची व तेलाची क्रिया होऊन रंग सोलून निघतो. जस्तासाठीचा वेगळा प्रायमर मागून घ्यावा.

भिंतीत मात्र घर पाहूनच ठरवावे. मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीला चुनाच बरा, कारण तो भिंतीची ओल बाहेर जाऊ देतो. शेजाऱ्याच्या बंगल्याकडे पाहून अशा भिंतीला प्लॅस्टिक रंग दिला, तर ओल आत कोंडून फुगे येतात. चुनकळी चांगली विझवून, गाळून, डिंक वा सरस घालून तीन पातळ हात द्यावेत. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर लगेच तेलरंग देऊ नये, त्यातला क्षार तेलाचा साबण करून टाकतो. सिमेंट-रंग चालतो, पण भिंत आधी भिजवायची, कालवलेला रंग दोन-तीन तासांत संपवायचा आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी मारायचे. हे शेवटचे कोणी करत नाही, मग हात लावला की पांढरी पूड निघते.

दसऱ्याला रंग देण्याची आपली रीत आहे, पण परतीच्या पावसाची ओल तेव्हा भिंतीत असते. दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत चांगला. तेव्हा सभासद तोडीच्या चिठ्ठीमागे पळत असतो हे आम्हाला ठाऊक आहे, पण रंगारीही तेव्हाच स्वस्त मिळतो. उन्हाळ्यात काम काढलेच तर पश्चिमेची बाजू सकाळी व पूर्वेची दुपारनंतर, म्हणजे सावलीतच, करावी. तापलेल्या लाकडावर रंगाला फोड येतात. कारखान्याजवळच्या वस्त्यांवर हंगामात चिमणीची राख ओल्या व्हार्निशवर येऊन बसते. त्या घरांनी भिंती आधी उरकाव्यात आणि दारांचे काम गळीत बंद झाल्यावर काढून पहिल्या वळवाच्या आत संपवावे.