अनवाणी पाऊल आणि धनुर्वात

धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचे निर्वाणक्षेत्र. 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखनाही येथेच झाली. या पहाडावर पादत्राणे घालून कोण चढेल? अनवाणी चालण्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो टाचेत रुतलेला काटा सुईने काढून, वर हळद दाबून निश्चिंत होण्याला.

धनुर्वाताचे जंतू माती व शेणखतात वर्षानुवर्षे सुप्त राहतात. हवा न पोहोचणाऱ्या खोल, अरुंद जखमेत ते जागे होतात आणि विष निर्माण करतात. बहुधा तीन ते एकवीस दिवसांत जबडा आखडू लागतो. तोवर काट्याचा विसर पडलेला असतो.

पुढची लढाई अतिदक्षता विभागात होते. जखम स्वच्छ करून प्रतिविष देतात; परंतु ते केवळ मोकळे विष निष्प्रभ करते. मज्जातंतूंना चिकटलेले विष सोडविणारे औषध आजही नाही. तंतूंची नवी टोके फुटेपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, रुग्णाचे प्राण सांभाळणे हाच खरा उपचार होय. आवाजाने, उजेडाने, नुसत्या स्पर्शानेही आचके येतात, म्हणून खोली शांत व अंधूक ठेवतात. गुंगीची औषधे व मॅग्नेशियम देतात. श्वास कोंडू लागल्यास गळ्याला छिद्र करून श्वासयंत्र जोडतात. रक्तदाब घटकेत चढतो, घटकेत कोसळतो. आणि एवढ्या यातनांतही या व्याधीने शुद्ध हरपत नाही!

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. फारोख उदवाडिया व सहकाऱ्यांनी 150 रुग्णांचा अनुभव 1987 मध्ये प्रसिद्ध केला. अहोरात्र देखरेखीमुळे तीव्र धनुर्वातातील मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले होते. मात्र अशी शुश्रूषा खेड्यात मिळत नाही, आणि कित्येक आठवड्यांचा खर्च कुटुंबाला खचवितो.

2015 मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे घोषित झाले. मुलांना शाळकरी वयातही लस मिळते. राहतात ते आपले आजी-आजोबा. त्यांच्यापैकी अनेकांनी बालपणी लस पाहिलीही नसेल. अशांनी महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा महिन्यांनंतर तिसरी, व पुढे दर दहा वर्षांनी एक घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी, तीही यात्रेला निघण्यापूर्वी.

या आजारातून उठलेल्यालाही लस टोचावीच लागते. प्राण घेण्यास पुरेसे असलेले विष शरीरात प्रतिकारशक्ती जागविण्यास मात्र अपुरे पडते.