नियमाचे पत्रक एक, खाते ज्याचे त्याचे
गावच्या नेटचा हिशेब जुळवायचा कसा?

सातबारा, दाखले, रेशन, पीक पाहणी, सारे आता नेटवर आले. पण नेटलाही विजेसारखे मीटर असते. एकाच जोडणीवर ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी आणि दवाखाना बसले, की महिनाअखेर वाद ठरलेला. "आम्ही तर काहीच वापरलं नाही, मग नेट संपलं कसं?" असे प्रत्येक जण म्हणतो. खोटे कोणीच बोलत नसते. मोजायची रीत मात्र प्रत्येकाची वेगळी असते, आणि घोळ तिथेच होतो.

दूध डेअरीचे उदाहरण घ्या. फॅटप्रमाणे भावाचा तक्ता भिंतीवर एकच लावलेला असतो. सभासदाच्या पुस्तकात फक्त त्याचे लिटर आणि फॅट लिहितात. उद्या प्रत्येकाच्या पुस्तकात अख्खा तक्ता हाताने उतरवायचा ठरवले, तर भाव बदलला की दोनशे पुस्तके खोडावी लागतील आणि दहा-वीस ठिकाणी चुका राहतील. नेटच्या मोजणीतही असेच आहे. काय मोजायचे, कधीपासून मोजायचे आणि मर्यादा किती, या सेटिंगच्या पत्रकाला तंत्रज्ञ 'कॉन्फिगरेशन प्रोफाइल' म्हणतात. ते एकदा तयार करून सर्व यंत्रांत सामाईक वापरले, तर काम कमी होते आणि हिशेबही जुळतो.

एसटीडी बूथचा धडा

आपल्या देशात एसटीडी १९६० साली कानपूर-लखनऊ मार्गावर सुरू झाली. पुढे नव्वदच्या दशकात सफाळ्यासारख्या स्टेशनगावांतही पिवळ्या पाटीचे बूथ दिसू लागले. किती सेकंदांना एक पल्स पडायचा, हे अंतर आणि वेळ यांवर ठरे. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून बूथवर तेव्हाच रांग लागे.

बूथमधली यंत्रे दोन तऱ्हेची असत. काही यंत्रे एक्स्चेंजकडून येणारे पल्स फक्त मोजत. काहींत दरांचा तक्ता यंत्रातच भरलेला असे. दर बदलले की पहिल्या प्रकारात एक्स्चेंजमध्ये बदल केला म्हणजे झाले. दुसऱ्या प्रकारात एकेका बूथचे यंत्र बदलून घ्यावे लागे. एखादे राहून गेले, तर गिऱ्हाईक तरी जादा पैसे मोजी, नाही तर बूथवाल्याच्या खिशाला चाट बसे. तक्त्याच्या जितक्या प्रती, तितक्या चुकीच्या जागा.

न्यूझीलंडच्या विद्यापीठांनी काय केले?

हाच पेच परदेशातही पडला होता. १९८९ साली न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातून हवाईपर्यंत नेटची जोडणी सुरू झाली. लाइन महाग होती आणि वापरणारी विद्यापीठे अनेक होती. तेव्हा ज्याची जितकी माहिती लाइनवरून जाईल, तितका त्याचा खर्च, असे ठरले. ऑकलंड विद्यापीठाचे नेव्हिल ब्राउनली यांनी त्यासाठी मोजणीची पद्धत बसवली. १९९९ साली जगासाठी प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीच्या मसुद्यात कामाची वाटणी स्पष्ट आहे. मीटरने मोजायचे, वाचणाऱ्याने आकडे गोळा करायचे, आणि नियमावली व्यवस्थापकाने मीटरांत भरायची.

२००८ सालच्या 'आयपीफिक्स' या पद्धतीत आणखी एक सोय आली. राउटर रकान्यांची नावे आधी एकदा कळवतो, नंतर नुसते आकडे पाठवतो. तलाठ्याच्या रजिस्टरला प्रत्येक ओळीवर मथळा लिहीत नाहीत, तसेच हे. त्यामुळे मोजणीच्या कामातच लाइन अडकून पडत नाही.

आपल्याकडे फरक कुठे पडतो?

एक म्हणजे माप. कोणी एक हजार एमबीचा एक जीबी धरतो, कोणी १०२४ चा. आकडा मोठा झाला, की एकाच्या मीटरवरचे १०० जीबी दुसऱ्याच्या मीटरवर जवळपास १०७ दिसतात. दुसरे म्हणजे घड्याळ. राउटर ग्रीनिच वेळेवर राहिला, तर त्याचा दिवस मध्यरात्री नाही, पहाटे साडेपाचला बदलतो. मग रात्रीचा वापर कालच्या खात्यात जातो. तिसरे, कॉम्प्युटर आपोआप अपडेट उतरवतो तो कोणाच्या नावे, हे कुणी ठरवलेलेच नसते.

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच पुढे भारतनेट झाली. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. खरिपात शेतकऱ्याने पिकाचा फोटो घेतला आणि पंचायतीत येऊन तो पाठवायचा म्हटले, तर नेमकी त्या वेळी लाइन भरलेली नको. पीक नोंद राहिली, तर नुकसानभरपाई आणि पीकविम्याच्या वेळी शेतकऱ्यालाच धावपळ करावी लागते.

पत्रकात काय असावे?

ग्रामसेवक, संगणक परिचालक आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी एकदा बसून पाच गोष्टी ठरवाव्यात:

– जीबीचे माप कोणते आणि महिना कोणत्या तारखेला सुरू होतो.
– सर्व यंत्रांची वेळ भारतीय वेळ.
– प्रत्येक कार्यालयाचे खाते वेगळे.
– अपडेट रात्री, कामाच्या वेळेत नाही.
– मर्यादा संपली तरी पीक पाहणी आणि दाखल्यांचे काम बंद पडू नये.

पत्रकावर तारीख घालावी. बदलाचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा, कारण सामाईक पत्रकातली एक चूक सगळीकडे एकदम पोचते. म्हणून नवा बदल आधी एका यंत्रावर आठवडाभर चालवून पाहावा. शेजारच्या गावाला पत्रक देताना त्यातला राउटरचा पासवर्ड आधी काढून टाकावा. पत्रक वाटण्यात गैर काही नाही, पण घराची किल्ली कोणी वाटत नाही.

आणि मीटरने किती वापरले एवढेच टिपावे. कोणी काय पाहिले, याची वही ठेवू नये.

दर महिन्याला खातेनिहाय आकडे नोटीस बोर्डावर लावले, की "नेट गेलं कुठं" हा प्रश्न ग्रामसभेत उरणार नाही. हे काम खरीप सुरू होण्यापूर्वीच उरकलेले बरे.