क्लिप फिरू दे, पत्ता नको!

ड्युटीवरच्या पोलिसाचा व्हिडिओ काढला, तर काय बिघडलं? काहीच नाही. पण त्या व्हिडिओखाली तिच्या घराचा पत्ता आला तर? एका फॉरवर्डचा माग काढत थेट दिंडोरीला पोहोचले, त्याची ही गोष्ट…

कबूल करते, तो मेसेज मीही फॉरवर्ड केला होता.

रविवारची सकाळ, हातात कॉफीचा मग, अंगठा मोबाइलवर. नाकाबंदीतली एक लेडी कॉन्स्टेबल एका बाइकवाल्यावर जाम भडकलेली. आवाज चढलेला, शब्दही घसरलेले. जेमतेम चाळीस सेकंदांची क्लिप. ‘बघा यांची भाषा!’ असं म्हणत मी ती कॉलेजच्या ग्रुपवर ढकलली आणि विसरून गेले.

क्लिपखाली बराच मजकूर होता. ‘रीड मोअर’वर टॅप केलं असतं, तर दिसलं असतं. केलंच नाही.

महिन्याभराने एका मैत्रिणीने तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. कॉन्स्टेबलचं नाव. तिचा स्वतःचा मोबाइल नंबर. ती कुठल्या किराणा दुकानाच्या वर भाड्याने राहते ते. ड्युटी किती वाजता सुटते ते. आणि शेवटची ओळ : ‘सगळ्यांनी मिळून समजवा हिला.’

‘‘ती दिंडोरीची आहे, माझ्या मावशीच्या गावाजवळची. सध्या माहेरी असते. भेटायचंय?’’ मैत्रिणीने विचारलं.

वाइनच्या लेबलवरचं गाव

दिंडोरी आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असते ती बाटलीवरून! सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराज’ आठवा. शाँदोंची वायनरीही याच तालुक्यात. पण वीकेंडला टेस्टिंग करून परतणाऱ्यांना दिसत नाही ती दिंडोरी वेगळी. नाशिकहून म्हसरूळ मागे टाकलं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू होतात. ऑक्टोबरची छाटणी आटोपलेली, घड नुकते धरू लागलेले, ब्लोअर लावलेले ट्रॅक्टर फवारणी करत फिरतायत.

तिचे वडील बागेतच भेटले. पोलिसांचा विषय काढताच म्हणाले, ‘‘इथं पोलिसाचा नंबर सगळ्यांकडे असतो, बाई. व्यापारी माल उचलून पळाला, तर फोन कुणाला करणार?’’

खरंच आहे. द्राक्ष उत्पादकांना गंडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी मोहीमच उघडली होती. तेव्हा अडकलेले पैसे परत मिळालेले शेतकरी आजही ते सांगतात. गावांमध्ये बीट अंमलदाराचं नाव आणि नंबर बोर्डावर लिहिलेला असतो, आणि तो तसाच असायला हवा.

मग प्रॉब्लेम नंबरचा आहे की आणखी कशाचा?

‘‘खालचं वाचलं होतं का?’’

ती ड्युटीवरून आली, युनिफॉर्म बदलून ओट्यावर येऊन बसली. माझ्याच वयाची. काकूंनी चहा आणला. तिचं नाव मी लिहिणार नाही. ठाण्याचंही नाही.

‘‘व्हिडिओचं मला काही नाही वाटत. बोलले ते चुकलंच. साहेबांनी बोलावून झापलं, लेखी खुलासा घेतला. तेवढं व्हायलाच पाहिजे. पण रात्री दोन वाजता फोन सुरू झाले ना…’’

पहिल्या रात्री किती फोन आले, ते तिने मोजलंच नाही. काही नुसते शिव्या देणारे, काही त्याहून घाण. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किराणा दुकानासमोर दोन पोरं बाइक लावून उभी. काही बोलली नाहीत. नुसती वर बघत राहिली. आठवड्याने घरमालक म्हणाले, ‘‘ताई, राग मानू नका. आमच्या घरात पण पोरी आहेत.’’

तिने खोली सोडली. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन ती माहेरी आली, आणि आता रोज इथून ये-जा करते. अंगणवाडीतल्या बाईंना सांगून ठेवलंय, मी किंवा आजी आल्याशिवाय त्याला कुणाकडेही सोडायचं नाही.

‘‘तक्रार केलीस?’’

‘‘तोंडी केली. म्हणाले, नंबर बदल, लक्ष देऊ नको. दुसऱ्याची तक्रार लिहून घेणारी मी, माझीच कुणी लिहून घेईना.’’ ती हसली. मला हसू आलं नाही.

मग मी सांगून टाकलं. तो मेसेज मीही पुढे पाठवला होता.

ती क्षणभर गप्प. मग शांतपणे म्हणाली, ‘‘खालचं वाचलं होतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘बघ ना. तुझ्यासारखे कुणी वाचत नाहीत. पण ज्याला वाचायचं असतं, तो बरोबर वाचतो.’’

कायदा काय म्हणतो?

परत आल्यावर कायद्याची पुस्तकं उघडली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धमकीला शिक्षा आहे (कलम 351). काम करू नये किंवा हवं तसं करावं म्हणून सरकारी नोकराला, अगदी त्याच्या जवळच्या माणसालाही इजेची धमकी दिली, तर कलम 224 आहे. बाईचा पाठलाग केला, तर 78. पण समजा, कुणी धमकी दिलीच नाही. फक्त पत्ता लिहिला, ड्युटीची वेळ लिहिली आणि बाकीचं काम इतरांवर सोडलं? नेमक्या या कृतीसाठी आपल्याकडे वेगळा गुन्हाच नाही.

2023 चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे ना? आहे. पण त्याचा रोख मुख्यतः आपला डेटा गोळा करणाऱ्या कंपन्या आणि संस्थांवर आहे. त्यात दंड आहे, तुरुंग नाही. आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम 8(1)(जे) बदललं. व्यक्तिगत माहिती नाकारण्याची मुभा त्यामुळे आणखी रुंद झाली. म्हणजे कॉन्स्टेबलच्या मुलाला त्याचा फारसा उपयोग नाही, पण साहेबांची फाइल मागणाऱ्याला मात्र अडचण!

म्हणूनच ‘पोलिसांसाठी कडक कायदा करा’ म्हटलं, की माझ्यातली पत्रकार सावध होते. फ्रान्समध्ये काय झालं बघा. वाईट हेतूने पोलिसांचे चेहरे प्रसारित करणं गुन्हा ठरवायचा प्रस्ताव 2020 मध्ये आला. त्याच नोव्हेंबरात पॅरिसमध्ये एका कृष्णवर्णीय संगीत निर्मात्याला पोलिसांनी मारहाण केली, आणि ती उघड झाली ती व्हिडिओमुळेच. लोक रस्त्यावर उतरले. मे 2021 मध्ये तिथल्या घटना परिषदेने ते कलम संदिग्ध म्हणून रद्द केलं. त्यानंतर ऑगस्ट 2021 मध्ये दुसरं कलम आलं, आणि ते चेहऱ्याबद्दल नव्हतं. एखाद्याला धोका व्हावा म्हणून त्याचं खासगी आयुष्य, घर, ठावठिकाणा उघड करणं, हा गुन्हा. तो सर्वांसाठी. पीडित पोलीस किंवा सरकारी अधिकारी असेल, तर शिक्षा जास्त.

नेदरलँड्सने 1 जानेवारी 2024 पासून असाच कायदा केला. तिथं वाढीव संरक्षणाच्या यादीत पोलिसांसोबत पत्रकारही आहेत. म्हणजे ती आणि मी, एकाच यादीत!

रेघ कुठे ओढायची?

ही रेघ आपल्याकडे अर्धी ओढलेली आहेच. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितलं, की अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखालचं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये म्हटलं. प्रकरण वर्ध्याचं होतं, ठाण्यात व्हिडिओ काढल्याचं. थोडक्यात, ड्युटी ही पब्लिक गोष्ट आहे. नाव, हुद्दा, वागणूक, सगळं.

ड्युटीनंतरचं घर नाही.

हीच रेघ पोलिसांनीही पाळायला हवी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 नुसार अटक झालेल्यांची नावं आणि पत्ते ठाण्यात ठळकपणे लावायचे असतात, डिजिटल पद्धतीनेही चालतं. अटक म्हणजे काही दोष सिद्ध होणं नव्हे. मग त्या माणसाच्या घरासमोर बाइक लावून उभं राहणाऱ्यांचं काय?

माझं मत विचाराल, तर हे वेगळं कलम हवं. पण त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. ते फक्त खाकीसाठी नको, सगळ्यांसाठी हवं. इजा किंवा छळ व्हावा हा हेतू सिद्ध करावा लागेल, असं हवं. घर, मुलं, येण्याजाण्याच्या वेळा यापुरतंच ते असावं. आणि ड्युटीवरचं चित्रण, तक्रार, बातमी यांना त्यातून स्पष्ट सूट हवी. नाहीतर उद्या पहिली केस क्लिप काढणाऱ्या बाइकवाल्यावरच होईल.

निघताना तिने विचारलं, ‘‘लिहिणार आहेस ना? मग हेही लिही, की त्या पोराने क्लिप काढली त्याचा मला राग नाही.’’

लिहिलं.

घरी आल्यावर कॉलेजच्या ग्रुपवर टाइप केलं : ‘त्या क्लिपखाली तिचा पत्ता होता. मी वाचला नव्हता. पुढे पाठवला असेल, तर डिलीट करा आणि ज्यांना पाठवला त्यांनाही सांगा.’ बऱ्याच ब्लू टिक्स आल्या. एक थम्ब्स अप. मग अर्ध्या तासाने एकाचा मेसेज : ‘‘यार, मी तीन ग्रुपवर टाकलं होतं.’’

हे तुमच्या बाबतीत झालं तर…

• डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. तारीख, वेळ, ग्रुपचं नाव आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसायला हवा.

• तक्रार तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइनही तक्रार करता येते.

• धमकीचे फोन आले, तर कॉल लॉग जपून ठेवा. फक्त नंबर बदलून पुरावा हातचा घालवू नका.

• आणि फॉरवर्ड करण्याआधी? ‘रीड मोअर’वर टॅप करा.