मदेरा: पाटाच्या कडेने चालायचं बेट

आजचा भाग मदेराबद्दल. अटलांटिक महासागरातलं हे पोर्तुगालचं बेट. मी तिथे ट्रेकला गेलो होतो. सगळ्यात उंच शिखर पिको रुईवू, १८६२ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच. मग अशा उभ्या डोंगरात तासन् तास सपाट कसं चालता येतं? उत्तर आहे ‘लेवादा’.

लेवादा म्हणजे आपला पाट. ईशान्येकडून येणारे दमट वारे डोंगराला अडतात, त्यामुळे उत्तरेकडे ढग आणि पाऊस, दक्षिणेकडे ऊन. ऊस, केळी मात्र दक्षिणेला. सह्याद्रीमुळे कोकण ओलं आणि देश कोरडा, तसंच काहीसं. पंधराव्या शतकात पोर्तुगीज वस्ती झाली आणि डोंगर कोरून पाणी फिरवायला सुरुवात झाली. आपल्याकडे पाळीचं पाणी सोडायला पाटकरी असतो ना? तिकडे त्याला ‘लेवादैरु’ म्हणतात. त्याच्यासाठी पाटाच्या कडेला ठेवलेली वाट, तीच आज आपली ट्रेल.

पाणी हळू वाहावं म्हणून पाटाला उतार अगदी कमी. म्हणून दम लागत नाही. पण सोपं समजू नका! वाट कधी जेमतेम एका माणसापुरती, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दरी.

आम्ही केइमादासहून काल्देइराँव वेर्दच्या धबधब्याकडे निघालो. एका बाजूने साधारण साडेसहा किलोमीटर. आजूबाजूला लॉरिसिल्व्हा जंगल, १९९९ पासून जागतिक वारसा. मध्ये काळोखे, बुटके बोगदे. आमच्यातल्या एकाला उंचीची भीती वाटायला लागली. धबधबा थोडाच राहिला होता, तरी सगळे मागे फिरलो. अरुंद वाटेवर घाबरलेल्या माणसाला पुढे ढकलणं किंवा एकटं परत पाठवणं, दोन्ही धोक्याचंच.

जाणार असाल तर हिशोब सोपा आहे. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत, आणि चढउतार नाही, म्हणजे जायला लागला तेवढाच वेळ यायला. अंधार पडायच्या आधीचे तास मोजा, त्यातला एक राखीव ठेवा, उरलेल्याचे दोन भाग करा. पहिला भाग संपला की परत फिरा, कुठेही असलात तरी. हेडटॉर्च आणि रेनकोट हवेतच. पावसानंतर दरडी पडतात, तेव्हा ट्रेल चालू आहे का ते सकाळीच बघा.

उंचीची भीती असेल तर काबू जिरांव बघा. ५८० मीटरचा समुद्रकडा आहे, पण रेलिंग भक्कम. काचेवर उभं राहायची सक्ती कुणीच करत नाही!

भेटू पुढच्या भागात.