ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

डेंग्यूचा ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि घरातली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. जपायची वेळ खरी तेव्हाच असते. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. काही रुग्णांत हे अस्तर सैल पडते आणि रक्तातला पाणीदार भाग पोटात, छातीत झिरपू लागतो. तांबड्या पेशी वाहिनीतच राहतात. रक्त दाट होते, पुढे रक्तदाबही घसरतो.

आपण सगळे प्लेटलेटचाच आकडा विचारत बसतो! त्याच रिपोर्टवर हिमॅटोक्रिटचा आकडा असतो. तो चढतो आहे का, हेही डॉक्टरांना विचारा. पोटात सतत दुखणे, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, कमी लघवी, यांतले काहीही दिसले तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये. तापाला पॅरासिटॅमॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच.

ही गळती साधारण २४ ते ४८ तासांत थांबते आणि झिरपलेले पाणी वाहिन्यांत परत येऊ लागते. तेव्हा ‘अशक्तपणा आहे, आणखी एक सलाईन लावा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. जादा झालेले पाणी फुप्फुसांत साचते.