कर आहे, मत नाही : शाळांच्या कारभारात फाउंडेशनची वाट

फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. न्यू जर्सीत स्वतःचे घर असलेल्या माणसाला या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा सहसा विसरता येत नाहीत, कारण मालमत्ता कराचा तिमाही हप्ता तेव्हा देय होतो. देशातील सर्वाधिक मालमत्ता कर आकारणाऱ्या या राज्यात घरटी सरासरी वर्षाकाठी दहा हजार डॉलरच्या आसपास गेली आहे आणि त्यातील सुमारे निम्मा पैसा सार्वजनिक शाळांकडे जातो. भाडेकरूही यातून सुटत नाही. घरमालक हा भार भाड्यात मिसळूनच घर देतो.

आयसेलिनमध्ये राहणारी बहुसंख्य मराठी कुटुंबे हा कर मुकाट्याने भरतात. ‘चांगली शाळा’ पाहूनच घर घेतलेले असते, त्यामुळे तक्रारीला जागाही नसते. पण या शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत त्यांपैकी अनेकांना मत देता येत नाही, आणि उमेदवारी तर दूरच. त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते. एच-१बी व्हिसावर आलेल्या आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-बारा वर्षे तिष्ठणाऱ्या जोडप्याचे मूल बालवर्गातून थेट हायस्कूलपर्यंत पोहोचते; तोवर आईवडिलांचा शाळेशी अधिकृत संबंध कराच्या पावतीपुरता आणि पालकसभेपुरता राहतो. या स्थितीत एक वाट मोकळी आहे आणि आपल्या समाजाने तिचा फारसा विचार केलेला नाही, ती म्हणजे फाउंडेशन. तिथे देणगीदाराचा किंवा विनावेतन विश्वस्ताचा व्हिसा कोणता, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आयसेलिन ही स्वतंत्र नगरपालिका नव्हे. मिडलसेक्स काउंटीतील वुडब्रिज टाउनशिपचा तो एक भाग आहे. मेट्रोपार्क स्थानकामुळे न्यूयॉर्कच्या नोकरदारांना सोयीचा आणि ओक ट्री रोडमुळे साऱ्या ईशान्य अमेरिकेतील भारतीयांना परिचित. २०१० च्या जनगणनेतच इथले एक तृतीयांशाहून अधिक रहिवासी भारतीय वंशाचे होते. जॉन एफ. केनेडी मेमोरियल हायस्कूल इथेच आहे, पण शाळांचे अंदाजपत्रक आयसेलिनचे नसते, साऱ्या टाउनशिपचे असते. ‘आमच्या शाळेला’ काही द्यायचे तर ते कोणत्या दाराने द्यायचे, हा प्रश्न त्यामुळेच पडतो.

फाउंडेशन हा शब्द इथे दोन अर्थांनी वापरला जातो. एक म्हणजे एखाद्या शाळा-जिल्ह्यापुरते शिक्षण प्रतिष्ठान : स्कूल बोर्डापासून वेगळी, स्वतःचे विश्वस्त असलेली, करमुक्त धर्मादाय संस्था. दुसरे म्हणजे कम्युनिटी फाउंडेशन, ज्याचा व्याप एखादे शहर, काउंटी किंवा सबंध राज्य एवढा असतो. या दुसऱ्या प्रकाराचा उगम १९१४ साली क्लीव्हलँडमध्ये झाला. फ्रेडरिक गॉफ हे बँकर. श्रीमंत मंडळी मृत्युपत्रात अशा काही अटी घालून जात की, पन्नास वर्षांनी तो पैसा कोणाच्याच उपयोगाचा उरत नसे. हे त्यांनी जवळून पाहिले होते. अनेकांच्या देणग्या एका छत्राखाली गुंतवाव्यात आणि त्यांचे उत्पन्न कुठे खर्च करायचे ते त्या त्या काळातील स्थानिक समितीने ठरवावे, ही त्यांची कल्पना. आज अमेरिकेत अशी शेकडो फाउंडेशने आहेत. आपल्या राज्यात १९७९ मध्ये स्थापन झालेले कम्युनिटी फाउंडेशन ऑफ न्यू जर्सी हे त्यांपैकीच. एखादे कुटुंब किंवा मंडळ तिथे स्वतःच्या नावाचा निधी उघडू शकते. हिशेब, गुंतवणूक आणि करविवरण ही किचकट कामे फाउंडेशन सांभाळते. स्वतंत्र संस्था नोंदवून पुढे तिचे कागदपत्र भरताना दमछाक झालेल्या मंडळांनी या सोयीकडे जरूर पाहावे.

सरकारी शाळेला देणगी लागतेच कशाला? याचे उत्तर राज्याच्या कायद्यात आहे. १८७५ पासून न्यू जर्सीच्या घटनेत ‘सर्वांगीण आणि कार्यक्षम’ विनाशुल्क शिक्षणाची हमी आहे. गरीब शहरांतील मुलांना ती मिळत नाही, हे ‘रॉबिन्सन विरुद्ध केहिल’ आणि पुढे ‘ॲबट विरुद्ध बर्क’ या खटल्यांतून न्यायालयाने दाखवून दिले. त्यातून आपल्या शेजारच्या पर्थ ॲम्बॉय आणि न्यू ब्रन्सविकसारख्या शहरांना राज्याचा मोठा निधी मिळू लागला. वुडब्रिज त्या यादीत नाही. तिथे भार मुख्यतः स्थानिक करावर आहे, आणि २०१० च्या कायद्याने त्या कराची वार्षिक वाढ, काही अपवाद सोडता, दोन टक्क्यांवर रोखली आहे. पगार, आरोग्य विमा आणि बसचा खर्च मात्र दोन टक्क्यांचा हिशेब पाळत नाही. मग कात्री लागते ती वाद्यवृंदाला, प्रयोगशाळेच्या साहित्याला, सहलींना, ग्रंथालयाला.

शिक्षण प्रतिष्ठाने नेमकी या कडेच्या जागी उभी राहतात. नेहमीची पद्धत अशी की, शिक्षक एखाद्या उपक्रमासाठी पाचशे-हजार डॉलरचा अर्ज करतात, विश्वस्त निवड करतात आणि स्कूल बोर्ड जाहीर सभेत ठराव करून ती देणगी स्वीकारते. रोबोटिक्सचा संच, वर्गातील छोटे ग्रंथालय, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी द्वैभाषिक पुस्तके अशी ही कामे. शिक्षकांचे नियमित पगार मात्र यातून देऊ नयेत, असा शहाणा संकेत आहे, कारण देणगी आटली की नोकरी जाते.

इथे एक धोकाही स्पष्ट सांगायला हवा. जिथे पालक श्रीमंत तिथली प्रतिष्ठानेही श्रीमंत. राज्याने न्यायालयाच्या धाकाने जी दरी थोडी बुजवली ती देणग्यांच्या मार्गाने पुन्हा रुंदावू शकते. प्रतिष्ठान हा अंदाजपत्रकाला पर्याय मानणे म्हणूनच चुकीचे आहे. सरकारने सोडून दिलेले काम समाजाने उचलत राहिले की, सरकारला ते सोडून दिल्याचे भानही राहत नाही.

दुसरा भाग कॉलेजच्या पुंजीचा, आणि या विषयात आपल्या घरांत काहीसा विरोधाभास दिसतो. मूल जन्मले की, बारशाआधी ‘फाइव्ह ट्वेंटी-नाइन’ खाते उघडणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. करसंहितेच्या ५२९ व्या कलमावरून नाव पडलेल्या या खात्यातील वाढ शिक्षणासाठी वापरल्यास करमुक्त असते. पण त्याच ओक ट्री रोडवर दुकानात, उपाहारगृहात, रोखपालाच्या गल्ल्यावर उभे राहणाऱ्या आपल्याच लोकांपर्यंत ही माहिती क्वचितच पोहोचते. वस्तुतः राज्याची मदत त्यांच्यासाठीच अधिक आहे. २०२१ च्या कायद्यानुसार, वार्षिक उत्पन्न ७५ हजार डॉलरपर्यंत असलेल्या कुटुंबाने राज्याच्या ‘एनजेबेस्ट’ योजनेत नवे खाते उघडले तर सुरुवातीच्या रकमेइतकीच, कमाल ७५० डॉलरपर्यंत, भर राज्य एकदा घालते. उत्पन्न दोन लाखांपर्यंत असणाऱ्यांना वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंतच्या भरण्यावर राज्याच्या आयकरात वजावट मिळते. दुसऱ्या राज्याच्या योजनेत पैसे ठेवले तर ही वजावट मिळत नाही; मित्राच्या सल्ल्याने भलत्याच राज्याचे खाते उघडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

महिना २५ डॉलर बालवर्गापासून बारावीपर्यंत तेरा वर्षे टाकले, तर भरलेली रक्कम ३,९०० डॉलर होते; वार्षिक पाच टक्के वाढ धरली तर हाती साडेपाच हजारांच्या आसपास येतात. रटगर्सचे राज्यातील विद्यार्थ्यांसाठीचे शिक्षण शुल्क आणि इतर फी मिळूनच वर्षाला १७ हजार डॉलरच्या वर जाते, हे पाहता ही पुंजी तुटपुंजी वाटेल. तरीही, आपल्या नावाने कॉलेजसाठी काही ठेवलेले आहे हे माहीत असलेली मुले कॉलेजात जाण्याचे प्रमाण अधिक असते, असे अमेरिकेतील संशोधन सांगते. बचतीमुळेच हे घडते की बचत करणारे घरच वेगळे असते, हा वाद शिल्लक आहे.

या दोन धाग्यांची गाठ कशी मारता येते, याचे उत्तम उदाहरण हडसनपलीकडे आहे. क्वीन्समधील तिसाव्या शाळा-जिल्ह्यात, ज्यात जॅक्सन हाइट्सचा भागही येतो, २०१७ मध्ये ‘एनवायसी किड्स राइज’ या संस्थेने बालवर्गातील प्रत्येक मुलाच्या नावे कॉलेजसाठी शंभर डॉलरची रक्कम ठेवायला सुरुवात केली. आरंभीचा मोठा निधी ग्रे फाउंडेशनचा होता, सोबत शहराचे शिक्षण खाते. २०२१ पासून ही योजना साऱ्या न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांच्या बालवर्गांना लागू झाली. कुटुंबाचे उत्पन्न किंवा इमिग्रेशनची स्थिती यात आड येत नाही.

यातील खुबी मालकीच्या रचनेत आहे. कायद्यानुसार धर्मादाय संस्था शिष्यवृत्तीसाठी स्वतःच्या नावाने ५२९ खाते ठेवू शकते. क्वीन्समधील मुलाचे शंभर डॉलर संस्थेच्या खात्यात, पण त्या मुलासाठी राखून ठेवलेले असतात. ते कुटुंबाची मालमत्ता ठरत नाहीत, त्यामुळे गरीब घराच्या इतर सरकारी सवलतींना धक्का लागत नाही आणि ओळखपत्रांच्या अडचणीमुळे कोणी वगळले जात नाही. आईवडिलांना वाटले तर ते आपले वेगळे खाते उघडून त्याला जोडू शकतात. शिवाय एखादे दुकान, प्रार्थनास्थळ किंवा रहिवासी संघ एका शाळेच्या, एका वस्तीच्या सगळ्या मुलांच्या नावे थोडी थोडी भर घालू शकतो.

हे वाचताना मराठी माणसाला काही आठवले नाही तरच नवल. शिकायला गावाहून आलेल्या मुलाने सात घरी वार लावून जेवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरांतून मूठमूठ धान्य जमवून वसतिगृहे चालवली. वार देणाऱ्या घरी जातीपातीचे सोवळेओवळे पुष्कळ असे. कर्मवीरांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत. क्वीन्सच्या योजनेचे नाते या दुसऱ्या पंक्तीशी आहे : सगळ्यांना, न विचारता.

वुडब्रिजसारख्या टाउनशिपमध्ये हे कितपत झेपेल? समजा बालवर्गात दरवर्षी ८०० मुले येतात आणि प्रत्येकाच्या नावे ५० डॉलर ठेवायचे आहेत. वर्षाला ४० हजार डॉलर लागतील. एका मोठ्या करमणुकीच्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक ज्यांनी हाताळले आहे त्यांना हा आकडा घाबरवणार नाही. १९७८ पासून महाराष्ट्र फाउंडेशनच्या रूपाने इथल्या मराठी समाजाने मायदेशातील सामाजिक कामांना हात दिला आहे. गावच्या शाळेला संगणक पाठवणारे तर घरोघरी आहेत. ते देणे थांबावे असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या रविवारच्या मराठी शाळा अनेक ठिकाणी सरकारी शाळांच्याच वर्गखोल्यांत भरतात, आणि त्या इमारतींच्या देणगीदारांच्या यादीत आपली नावे अभावानेच दिसतात.

शिष्यवृत्तीच्या निधीचा हिशेब निराळा असतो. कायमस्वरूपी निधीतून साधारण चार टक्के दरवर्षी खर्च करायचे म्हटले, तर २५ हजार डॉलरच्या निधीतून वर्षाला हजार डॉलरची एक शिष्यवृत्ती निघते. त्याहून महत्त्वाचे आहे पात्रतेचे वाक्य. एच-४ व्हिसावरील मुलांना केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसाही संपतो. बालवर्गापासून इथेच शिकलेली, वर्गात पहिली आलेली मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज उघडते आणि पहिल्याच ओळीत ‘नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक’ असे वाचून तो मिटवते. स्थानिक फाउंडेशनमधील निधीची अट देणगीदार आणि विश्वस्त मिळून ठरवतात. ‘या हायस्कूलमधून उत्तीर्ण’ एवढे लिहिले की ती मुलगी पात्र ठरते. हे वाक्य कोणी लिहायचे? ज्यांना त्याची झळ माहीत आहे ती माणसे त्या टेबलाशी बसली, तरच ते लिहिले जाईल.

काही सावधगिरीच्या गोष्टी. ५२९ खात्यातील पैसे अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या मदतयोजनेस पात्र असलेल्या संस्थांतच करमुक्त वापरता येतात. भारतातील बहुतेक महाविद्यालये त्या यादीत नाहीत. परत जाण्याचा विचार असलेल्या कुटुंबाला तिथे खर्च केल्यास वाढीवर आयकर आणि शिवाय दहा टक्के दंड भरावा लागेल. २०२४ पासून एक सवलत आली आहे : पंधरा वर्षे जुन्या खात्यातील शिल्लक, आयुष्यात एकूण ३५ हजार डॉलरच्या मर्यादेत, लाभार्थी मुलाच्या रॉथ निवृत्ती खात्यात टप्प्याटप्प्याने वळवता येते. आजी-आजोबांच्या नावावरील ५२९ खात्यातून दिलेले पैसे आता फाफ्सा अर्जात विद्यार्थ्याचे उत्पन्न धरले जात नाहीत.

फाउंडेशनला देण्यापूर्वी त्याचे ‘फॉर्म ९९०’ हे वार्षिक विवरण पाहावे. ते सार्वजनिक असते आणि इंटरनेटवर विनामूल्य मिळते. कार्यक्रमांवर किती आणि व्यवस्थापनावर किती खर्च झाला, विश्वस्त कोण, हे त्यात कळते. देणगीइतकीच भर घालणारी योजना आपल्या कंपनीत आहे का, याची मनुष्यबळ विभागाकडे चौकशी करावी. औषध आणि तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेक कंपन्यांत ती असते आणि अर्जच न केल्याने वाया जाते. आणि शाळांच्या अंदाजपत्रकाची जाहीर सुनावणी एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होते. तिथे बोलण्यासाठी मतदार असावे लागत नाही. नाव आणि पत्ता सांगितला की पुरते.